मेलेला मुंगळा तासाला नऊ मीटर चालतो : कीटकवर्तन आणि मोजणारी यंत्रे, वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात प्रयोगशाळेतील कीटकांचे वर्तन यंत्रांच्या साहाय्याने कसे टिपले जाते याविषयी एक छोटे टिपण दिले होते. त्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. विषय एकच असल्यामुळे त्यांतील सहा पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगलीत प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. ड्रोसोफिला माशीच्या झोपेवर कॅफीनचा काय परिणाम होतो हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. आमच्याकडील यंत्र पाच मिनिटे हालचाल नोंदली गेली नाही की माशी झोपली असे धरते. ‘माशी झोपली हे यंत्राला कसे कळले?’ असे तोंडी परीक्षेत विचारले तर काय उत्तर द्यावे?

उत्तर : असा प्रश्न विचारणारा परीक्षक लाभला तर आपण भाग्यवान आहात असे समजावे. यंत्राला झोप कळत नाही. त्याला केवळ किरण तुटल्याचे कळते. सुमारे ६५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत एका टोकाला साखर व आगर यांचे खाद्य, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, मधल्या जागेत एकटी माशी आणि नळीच्या मध्यावरून आडवा जाणारा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, अशी ही मांडणी असते. अवरक्त प्रकाश माशीला दिसत नाही, त्यामुळे रात्रीच्या अंधारातही तिला न जाणवता मोजणी चालू राहते. माशी मध्य ओलांडून गेली की किरण क्षणभर तुटतो आणि एक आकडा वाढतो. अशा ३२ नळ्या एका यंत्रात बसतात. (ही माशी म्हणजे केळ्याच्या सालीवर घोंगावणारे चिलट होय. आंब्यात आणि काकडीत अंडी घालणारी, बागायतदारांना पिडणारी फळमाशी निराळ्या कुळातली आहे. दोघींना एकच मराठी नाव पडल्यामुळे माझ्या वर्गात दरवर्षी एक तास वाया जात असे.)

एकेकट्या माशीची हालचाल अवरक्त प्रकाशाने नोंदवण्याची कल्पना जुनी आहे. रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी १९७१ मध्ये ज्यांचा दिवस १९ तासांचा, २८ तासांचा किंवा मुळीच ठराविक नसलेला होता असे माश्यांचे तीन वाण शोधले, तेव्हा त्यांनीही ती वापरली होती. त्या शोधाचा धागा पुढे नेणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाच मिनिटांचा नियम मात्र त्यानंतरचा आहे. माशीच्या निश्चल अवस्थेला झोप म्हणता येते हे २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. त्यांनी केवळ स्तब्धता मोजली नाही. स्तब्ध माशीला हलवण्यासाठी अधिक जोराचा धक्का लागतो, आणि तिला रात्रभर जागे ठेवले तर दुसऱ्या दिवशी ती जास्त वेळ स्तब्ध राहते, या गोष्टी त्यांनी तपासल्या. आपण परीक्षकांना नेमके हेच सांगावे : झोपेची व्याख्या धक्का देऊन आणि जागवून ठरली, आणि पाच मिनिटे हा त्या व्याख्येचा मोजायला सोयीचा पर्याय आहे.

पर्याय म्हटला की त्याला फटी आल्याच. नळीच्या टोकाशी बसून खाणारी, पाय घासून अंग साफ करणारी किंवा अर्ध्या नळीतच येरझाऱ्या घालणारी माशी किरण तोडत नाही, आणि यंत्र तिला झोपलेली ठरवते. याच नळ्यांचे व्हिडिओ घेऊन तुलना केली असता एक-किरणी यंत्र झोप प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते असे आढळलेले आहे. आपल्या प्रयोगात ही फट विशेष धोक्याची आहे, कारण आपण कॅफीन खाद्यातूनच देणार आहात. कॅफीन कडू असते. त्यामुळे माशी खाद्यापाशी कमी काळ थांबली आणि मध्यावरून अधिक वेळा गेली, तर ‘झोप कमी झाली’ असा आकडा येईल; प्रत्यक्षात तिची केवळ बसण्याची जागा बदललेली असेल. कॅफीनने माशीची झोप घटते हे २००० सालच्या कामातही दिसले होते, म्हणून आपला निष्कर्ष बहुधा बरोबरच येईल. परंतु योग्य निष्कर्ष अयोग्य कारणाने येणे हे संशोधनात अपयशच मानले जाते. निदान आठ-दहा नळ्यांचे अवरक्त प्रकाशात चित्रण करून ते डोळ्यांनी पाहावे, आणि रात्री ठराविक वेळी नळ्यांना हलका धक्का देऊन किती माश्या उठतात ते मोजावे.

आणखी दोन गोष्टी सांगतो. शेवटच्या दिवसाच्या आकड्यांत सलग शून्ये असलेली माशी बहुधा मेलेली असते. ती वगळली नाही तर आपल्या गटातील सर्वांत गाढ झोप तिचीच निघेल. दुसरी गोष्ट विजेची. माशीच्या शरीरातील घड्याळ प्रकाशाने जुळते, म्हणून १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे चक्र काटेकोर पाळावे लागते. एका उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतील टायमर वीज गेल्यावर शून्यावर येत असे, ही गोष्ट आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळली, तोपर्यंत आमच्या माश्या भलत्याच देशाच्या वेळेवर जगत होत्या. नराची दुपारची वामकुक्षी मादीपेक्षा लांब असते, हे सुद्धा ध्यानात ठेवून नर आणि मादी यांचे आकडे वेगळे मांडावेत.

प्रश्न : कराडच्या महाविद्यालयात आम्ही तिघे मित्र काळ्या मुंगळ्यांच्या चालण्याचा अभ्यास मोबाईलच्या कॅमेऱ्याने करत आहोत. विनामूल्य संगणक-प्रणालीने मुंगळ्याचा माग काढला, तर काही मुंगळे एका जागी बसलेले दिसत असूनही त्यांनी कित्येक मीटर अंतर कापल्याचे आकडे येतात. चूक कोठे आहे?

उत्तर : चूक मुंगळ्याची नाही आणि प्रणालीचीही नाही. हिशेब करून पाहू. ९० मिलिमीटर व्यासाची पेट्री डिश चित्राच्या १०८० बिंदूंच्या (पिक्सेलच्या) उंचीत मावली, तर एका मिलिमीटरला १२ बिंदू येतात. प्रणाली चित्रणाच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) मुंगळ्याच्या आकृतीचा मध्यबिंदू काढते. मुंगळा बसलेला असला तरी त्याच्या मिशा हलतात, सावली थरथरते, कॅमेरा स्वतःहून उजेड कमीजास्त करतो, आणि मध्यबिंदू एखाद्या बिंदूने इकडे तिकडे सरकतो. सेकंदाला ३० चौकटी असतील आणि प्रत्येक चौकटीत तो एक बिंदू सरकला, तर सेकंदाला अडीच मिलिमीटर आणि तासाला नऊ मीटर चाल जमा होते. मेलेला मुंगळा ठेवलात तरी तो तासाला नऊ मीटर चालेल.

मेलेला मुंगळा खरोखरच ठेवून पाहावा, असा माझा सल्ला आहे. त्याच डिशमध्ये, त्याच उजेडात त्याचे एक तास चित्रण करावे, आणि त्याने ‘कापलेले’ अंतर ही आपल्या मांडणीची चूक म्हणून वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर सलग काही चौकटींची सरासरी घेऊन मार्ग गुळगुळीत करावा, आणि मेलेल्या मुंगळ्याच्या वेगापेक्षा कमी वेग म्हणजे थांबलेला असे ठरवावे. ही सीमा प्रयोगापूर्वी ठरवणे महत्त्वाचे आहे. निकाल पाहून सीमा सरकवणे म्हणजे पाणी पाहून बांध घालण्यासारखे आहे.

मोबाईलविषयी काही व्यावहारिक सूचना. पुष्कळ मोबाईल सेकंदाला ठराविक चौकटी न घेता उजेडानुसार त्यांची संख्या बदलतात, त्यामुळे वेगाचे गणित फसते. चित्रणापूर्वी ही संख्या आणि उजेडाचे प्रमाण स्थिर करून ठेवावे. आपल्याकडील विजेवर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रात पट्टे उमटवतात. बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा डिशच्या खालून पांढऱ्या ॲक्रिलिकच्या आडून दिला तर मुंगळा काळ्या आकृतीसारखा स्वच्छ दिसतो. अंधारात काम करायचे असेल तर अवरक्त दिवा लागेल, परंतु बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा दिवा कॅमेऱ्यात दिसतो का, एवढे पाहिले तरी आपला कॅमेरा त्या कामाचा आहे की नाही ते कळते. डिशमध्ये मोजपट्टी ठेवून एक चित्र घेण्यास विसरू नये.

दोन मुंगळे एकमेकांना ओलांडून गेले की प्रणाली त्यांची अदलाबदल करते, ही अडचण आपल्याला पुढे येणारच आहे. प्रत्येक प्राण्याच्या आकृतीतील बारीक खुणा ओळखून ही अदलाबदल टाळणारी आयडीट्रॅकर ही प्रणाली २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी मात्र वेगळा मार्ग घेतला. त्यांनी मुंगळ्याच्याच प्रजातीगटातील कामगारांच्या पाठीवर बारकोडसारखे छोटे कागद चिकटवले, सहा वसाहतींवर ४१ दिवस कॅमेरा रोखला आणि २०१३ मध्ये दाखवून दिले की कामगारांचे तीन गट पडतात : राणी व पिल्लांजवळ राहणारे, वारूळ साफ करणारे आणि बाहेर अन्नाला जाणारे, आणि वयानुसार कामगार क्रमाने एका गटातून दुसऱ्यात जातात. इतक्या कामगारांचा इतके दिवस माग डोळ्यांनी काढणे कोणालाही शक्य नव्हते.

आपण तिघे आहात, याचा एक उपयोग सांगतो. डीपलॅबकट या २०१८ च्या प्रणालीला सुमारे दोनशे चौकटींवर डोके, मिशा, पाय हे बिंदू हाताने दाखवले की पुढचे चित्रण ती स्वतः वाचते. त्या चौकटी तिघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता खुणावाव्यात. तिघांच्या खुणांत जेवढा फरक पडेल त्याहून अधिक अचूकतेची अपेक्षा यंत्राकडून करता येणार नाही. ‘मिशा घासणे’ आणि ‘मिशा हलवणे’ यांत आपल्यातच मतभेद असतील तर निरीक्षकांचे किती जुळते ते सांगणारे कप्पा (kappa) नावाचे संख्याशास्त्रीय माप काढून ते लिहावे. आणि एक मोह टाळावा. सेकंदाला ३० या दराने एका दिवसात २५,९२,००० चौकटी जमतात; परंतु मुंगळा एकच असेल तर आपल्याकडे नोंदी एकाच मुंगळ्याच्या आहेत, आणि सगळे मुंगळे एकाच वारुळातले असतील तर खरे पाहता वारूळ एकच आहे. पंचवीस लाख ओळींचा तक्ता पाहून मार्गदर्शकही क्षणभर दबतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक आहे. २००२ साली लोकरी माव्याने आमच्या भागात हाहाकार केला होता. मावा पानातून रस किती वेळ शोषतो हे प्रयोगशाळेत मोजता येते असे ऐकले. सोंड तर पानाच्या आत असते. ती कशी दिसते?

उत्तर : आपले ऐकणे बरोबर आहे. पश्चिम भारतातील लोकरी माव्याच्या उद्रेकाची सुरुवात २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातूनच झाल्याचे नोंदलेले आहे. सोंड दिसत नाही, पण विजेच्या मार्गाने तिचा ठाव लागतो. माव्याच्या पाठीवर सुमारे २० मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाहून पुष्कळ बारीक, सोन्याची तार चांदीच्या डिंकाने चिकटवतात. दुसरी तार कुंडीच्या मातीत खोचतात. माव्याने सोंड पानात घुसवली की सर्किट पूर्ण होते आणि अतिशय मंद प्रवाह वाहू लागतो. सोंड पेशींमधून वाट काढत असताना, एखादी पेशी टोचताना, रसवाहिनीत लाळ सोडताना आणि शेवटी रस ओढताना या प्रवाहाची रेषा वेगवेगळे आकार घेते. या तंत्राची सुरुवात १९६४ मध्ये मॅकलीन आणि किन्सी यांनी केली, आणि पुढे नेदरलँड्समधील त्यालिंगी यांनी त्याला आजचे रूप दिले. रेषांचे आकार आता संगणकाकडून ओळखून घेण्याचे प्रयत्न होतात, परंतु जाणकार माणूस अजूनही ते तपासतो.

शेतकऱ्याला याचा उपयोग असा की, एखादा वाण मावा-सहनशील आहे म्हणजे नेमके काय, ते यातून कळते. मावा पानावर बसतच नाही, की बसतो पण रसवाहिनीपर्यंत त्याची सोंड पोहोचत नाही, की पोहोचूनही तो फार वेळ पीत नाही, हे तीन निरनिराळे गुण आहेत. पपईवरील रिंगस्पॉटसारखे रोग पसरवणारा मावा केवळ पेशी चाखण्यासाठी काही सेकंद सोंड खुपसतो तेवढ्यातच विषाणू सोडून जातो. म्हणूनच मावा मारणारे औषध फवारूनही तो रोग थांबत नाही, कारण मावा मरतो खरा, पण टोचून झाल्यावर. तंत्राची मर्यादा अशी की पाठीला तार बांधलेला मावा मोकळा फिरू शकत नाही. आपल्या उसावरचा लोकरी मावा तर पांढऱ्या मेणाच्या आवरणात असतो, त्यामुळे तार चिकटवण्यापूर्वी ते मेण ओल्या कुंचल्याने पुसावे लागते. पाहुण्याचे कपडे उतरवून त्याला जेवायला बसवण्यासारखेच हे झाले. तो नेहमीसारखा जेवतो की नाही ते तार न बांधलेल्या माव्यांशी ताडून पाहावे लागते.

प्रश्न : महाबळेश्वर तालुक्यातील एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या शेजारचे मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून २०२२ पासून ओळखले जाते. सातेरी मधमाश्यांची पेटी शाळेत ठेवून त्यांची ये-जा यंत्राने मोजता येईल काय? आणि गांधीलमाश्यांवर असे काम झाले आहे काय?

उत्तर : येईल, आणि पहिल्या वर्षी ये-जा मोजणे एवढेच ठेवावे. पेटीच्या दारापुढे माशी एकेकटी जाऊ शकेल अशा छोट्या बोगद्यांची पट्टी बसवून प्रत्येक बोगद्यात दोन अवरक्त किरण एकामागोमाग लावले, तर कोणता किरण आधी तुटला यावरून माशी बाहेर गेली की आत आली हे कळते. पेटीखाली वजनकाटा ठेवला तर फुलोऱ्याच्या काळात दिवसभरात किती वजन वाढले तेही मुलांना पाहता येते. काचेच्या पेटीतील पोळ्यावर माश्यांचा फुलांची जागा सांगणारा नाच पाहायचा असेल तर लाल दिवा वापरावा, कारण मधमाशीला लाल रंग जवळजवळ काळाच दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाची भाषा उलगडली आणि १९७३ चे नोबेल त्यांना लोरेन्झ व टिनबर्गन यांच्यासह मिळाले. उभ्या पोळ्यावर सरळ वरच्या दिशेशी नाचाचा जो कोन होतो तोच बाहेर सूर्याच्या दिशेशी फुलांचा कोन असतो, आणि डुलत चालण्याचा काळ अंतर सांगतो. सातेरीही असाच नाच करते. मुलांनी मोबाईलवर चित्रण करून कोनमापकाने कोन मोजावेत; बर्लिनमध्ये हेच काम करणारी स्वयंचलित यंत्रणा उभारलेली आहे, पण इयत्ता नववीसाठी कोनमापक पुरेसा आहे. माश्यांच्या पाठीवर रेडिओ-खूण (दारातल्या यंत्राला माशीची ओळख पटवणारी इवलीशी चकती) लावण्याचा विचार मात्र करू नये. ती खूण काही मिलिग्रॅमची असली तरी सातेरी आकाराने लहान आहे.

गांधीलमाश्यांची हकीकत उद्बोधक आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या प्रजातीचा अनेक दशके अभ्यास केला, आणि त्याचा पाया प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन तासन्‌तास डोळ्यांनी केलेली निरीक्षणे हा होता. कोण कोणाला दबवते, कोण अन्न आणते, राणी गेल्यावर तिची जागा कोण घेते, हे प्रश्न तेथे डोळ्यांनी सुटले. पण पनामात दुसऱ्या एका प्रजातीच्या माश्यांवर रेडिओ-खुणा लावल्या तेव्हा २००७ मध्ये असे दिसले की त्यांतील ५६ टक्के माश्या एकाहून अधिक घरट्यांत जातात. डोळ्यांनी हे प्रमाण फारच थोडे वाटत असे, कारण निरीक्षक एका घरट्यापुढे बसलेला असतो आणि माशी शेजारच्या घरट्यात गेलेली त्याला दिसत नाही. यंत्राने पाहिले ते डोळ्यांना दिसले नसते. मात्र दुसऱ्या घरट्यात जाऊन ती माशी काय करते, हे दारातल्या यंत्राला सांगता येत नाही.

प्रश्न : जत तालुक्यातील मक्यावर लष्करी अळी येते. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडतो असे वाचले. प्रयोगशाळेच्या खोलीत शंभर किलोमीटर कसे मोजले जातात?

उत्तर : खोलीत पतंगाला चरकाच्या बैलासारखे गोल फिरवले जाते. बारीक टाचणीवर किंवा चुंबकावर तोललेली हलकी काडी, तिच्या एका टोकाला पाठीवर डिंकाने चिकटवलेला पतंग, आणि काडी प्रत्येक फेरीत अवरक्त किरण तोडते तेव्हा वाढणारा आकडा, एवढेच ते यंत्र असते. काडीची त्रिज्या सुमारे १६ सेंटिमीटर ठेवली तर एक फेरी म्हणजे एक मीटर होतो आणि हिशेब सोपा जातो. परंतु या आकड्याला शेतातील अंतर समजू नये. कीटकाच्या पायाखालचा आधार सुटला की पंख आपोआप हलू लागतात, आणि काडीला टांगलेल्या पतंगाच्या पायाखाली आधार कधीच नसतो. शिवाय स्वतःचे वजन त्याला पेलावे लागत नाही, उलट काडी ढकलावी लागते. त्यामुळे हे यंत्र तुलनेसाठी चांगले : उपाशी आणि पोटभर, कुमारी आणि मीलन झालेली मादी, एक दिवसाचा आणि पाच दिवसांचा पतंग. खऱ्या प्रवासात वाऱ्याचा वाटा मोठा असतो, आणि खोलीत वारा नाही. ही अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि अल्पकाळात अनेक राज्यांत पसरली, त्यात पतंगाच्या पंखांइतकाच वाऱ्याचा हात आहे.

प्रश्न : हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, जमिनीखाली असते. तिच्यावर कॅमेरा कसा लावणार? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : लावता येत नाही, म्हणून ऐकतात. कुंडीच्या मातीत धातूची सळई खोचून तिला कंपने टिपणारा संवेदक जोडला की मुळे कुरतडण्याचे आणि सरकण्याचे आवाज नोंदता येतात, आणि संगणक त्यांना बाहेरच्या गोंगाटापासून वेगळे करतो. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की मात्र तासाभराची नोंद बाजूला ठेवावी लागते. कमी खर्चात पाहायचे असेल तर दोन काचांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर मातीचा उभा थर भरून त्यात उसाचे टिपरे लावावे, काचा काळ्या कापडाने झाकाव्यात आणि अळीची जागा रोज ठराविक वेळी काचेवर पेनने खुणावावी. पहिल्या जोरदार पावसानंतर सायंकाळी कडुलिंबावर व बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांवर मात्र कॅमेरा सहज लावता येईल.